नावावर पाय

कोलोनमधली १९६७ सालची दिवाळी. शनिवारची रात्र होती आणि फराळ आटोपला होता. वसुधाकाकू आत ताटल्या विसळत होत्या. बाहेरच्या खोलीत विद्यापीठातली चारसहा मुलं दत्तात्रयकाकांभोवती बसली होती. भुताखेतांवर बोलणं निघालं तेव्हा श्रीनाथ म्हणाला, "काका, जर्मनीत भुतं असूच शकत नाहीत. इथं राहायचं तर आधी कचेरीत जाऊन आन्मेल्डुंग करावं लागतं, नाव-पत्ता नोंदवावा लागतो. भूत बिचारं कुठलं नाव लिहिणार?"

सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"नावाचंच म्हणतोस, तर एक सांगतो."

"अहो, मुलांना ट्रामनं परत जायचंय," काकू आतून म्हणाल्या.

"थोडक्यात सांगतो. म्हणजे... जमेल की नाही कोण जाणे. मी तिथं नव्हतो. ज्याच्यावर गुदरलं त्यानं मला सांगितलं. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. पण घाबरलेल्या माणसाला सगळं बरोबर आठवतंच असं नाही. ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

श्यामकांत रिसबूड म्युनिकला डॉक्टरेट करत होता. लाकूड का कुजतं आणि ते कुजू नये म्हणून काय करावं, हा त्याचा विषय. रेल्वेरुळांखालच्या ओंडक्यांना चोपडायचं एक काळपट तपकिरी, उग्र वासाचं औषध त्यानं प्रयोगशाळेत तयार केलं होतं. त्याचा त्याला भारी अभिमान. बाहेर कुठंही निघाला तरी पिशवीत एक डबी आणि ब्रश असायचाच. कुंपणाचा खांब दिसला की हा थांबलाच. जनावराच्या डॉक्टरनं वाटेतली म्हैस तपासावी, तसं.

संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात त्याच्या शेजारी वॉल्टर कोलार बसायचा. अमेरिकन सैन्यात कारकून, नेब्रास्काच्या शेतकऱ्याचा मुलगा. श्यामकांत भराभर पुढं गेला, वॉल्टर मात्र 'गुटन टाग'च्या पुढं सरकला नाही. तरी दोघांचं जमलं.

वॉल्टरचे आजोबा, मातियास कोलार, १८८९ साली बोहेमियातून अमेरिकेला गेले होते. त्यांनी माळरान नांगरलं, धान्याची कोठारं बांधली. मुलं झाली, नातवंडं झाली आणि शेवटी ते बिछान्यात शांतपणे मेले. पण आपण कुठले, आपली माणसं कोण, हे त्यांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही. गावी एक पत्र कधी पाठवलं नाही. मरताना ग्लानीत एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होते... हिंटरमोस.

आता वॉल्टरचे वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांची एकच इच्छा होती. डोळे मिटण्याआधी आपलं मूळ कळावं. आपण कोणत्या कोलारांपैकी, ते कळावं.

"आजोबांची एक तऱ्हा होती," वॉल्टरनं एकदा सांगितलं. "ओढ्यावर वाकून कधी पाणी प्यायचे नाहीत. उन्हात जीव गेला तरी नाही. कुणीतरी भांड्यात आणून द्यायचं, मग भिंतीला पाठ टेकून प्यायचे."

"म्हाताऱ्यांच्या असतात सवयी," श्यामकांत म्हणाला. "आमच्याकडे एक आजोबा छत्रीशिवाय जेवायला बसत नसत."

हिंटरमोस नकाशावर सापडलं. बव्हेरियाच्या जंगलात, अगदी सीमेला लागून. जून १९५८मध्ये दोघं निघाले. आधी गाडी, मग टपालाची बस. वॉल्टरला दुभाषा हवा होता आणि श्यामकांतला जंगल.

गावापलीकडे काटेरी तारा होत्या, टेहळणीचे मनोरे होते. त्यामागं बोहेमिया. तिथली सीमेलगतची खेडी युद्धानंतर ओस पाडली होती. अलीकडे, हिंटरमोसमध्येही, त्या दुपारी चिटपाखरू नव्हतं. सगळे गवत कापायला कुरणावर गेले होते. दोघं पाऊलवाटेनं जंगलात शिरले. वाटेत एक ओढा लागला. त्यावर एक फळी आडवी टाकलेली होती. वॉल्टर पलीकडे गेला. श्यामकांतनं पाऊल टाकलं, आणि त्याच्या बुटाच्या टोकापाशी त्याला क्रूस दिसला. क्रूसाखाली अक्षरं.

तो चटका बसल्यासारखा मागं सरला.

आता यात नवल काही नाही. तुमचा-माझा पाय कागदाला लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. हे तर मेलेल्या माणसाचं नाव. श्यामकांत खाली बसला. त्यानं उजवा तळवा त्या अक्षरांवर ठेवला, मग कपाळाला लावला. चिखल बाजूला सारून वाचलं. 'मातियास कोलार, १८८९.'

वॉल्टर तर नाचायचाच बाकी होता. "अरे, आजोबांचं नाव! म्हणजे हे त्यांचे वडील असणार. त्यांचंही नाव तेच असेल. ते वारले आणि त्याच साली आजोबा निघाले. सापडलं, श्याम. आपलं घराणं सापडलं."

"आणि लोक त्यांच्यावरून चालतायत," श्यामकांत म्हणाला. त्याला ते सहन होईना.

दोघांनी मिळून फळी उपसली. ओकची होती, माणसाच्या उंचीची. खालची बाजू मऊ पडली होती, नखानं भुगा निघत होता. आणखी दोनचार हिवाळ्यांत मातीच झाली असती. श्यामकांतनं ती धुतली, उन्हात ठेवली, कुजका भाग खरवडला. मग पिशवीतून डबी काढून सगळ्या बाजूंनी औषध चोपडलं. अक्षरांच्या खाचांतसुद्धा. फळी एका झाडाला टेकून उभी केली, बुडाशी दगड रचले.

"आता शंभर वर्षं हिला काही होत नाही," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं. परमुलखात कुणाच्या तरी पितरांची सेवा घडली, असं.

संध्याकाळची बस गाठायची होती. म्हणून कुणाला काही न विचारताच ते परतले.

त्यानंतर महिन्याभरात सुरू झालं.

सैन्यात सकाळी हजेरी घेतात. सार्जंट नाव पुकारतो, शिपाई 'हजर' म्हणतो. एका सकाळी सार्जंटनं "कोलार" म्हटलं. वॉल्टरनं तोंड उघडण्याआधीच मागून कुणीतरी "हजर" म्हणालं. जर्मनमध्ये. वॉल्टर रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता. त्याच्या मागं भिंत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. सार्जंट चिडला, वॉल्टरला शिक्षा झाली. सोबतचे शिपाई हसायचे, मग हसेनासे झाले. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलानं खाट बदलून मागितली. रात्री कोलारच्या उशाशी पाणी ठिबकतं, म्हणाला.

ऑक्टोबरमध्ये वॉल्टर नळावर तोंड धुवायला वाकला असताना कुणीतरी मागून त्याच्या डोक्यात घातलं. तो रक्ताच्या थारोळ्यात सापडला. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोथट, जड काहीतरी होतं. कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची मागची बोथट बाजू, किंवा तसलं काहीतरी. चौकशी झाली. न्हाणीघरात दुसरं कुणी नव्हतं.

"मला त्या गावात परत जायचंय," वॉल्टर डोक्याला पट्टी बांधूनच श्यामकांतकडे आला. "कुणालातरी विचारायचंय. तो माझा पणजोबा असेल तर मला का मारतोय?"

शनिवार, एक नोव्हेंबर. त्या लोकांचा सर्वपित्रीसारखा दिवस दुसऱ्या दिवशी होता. बस हिंटरमोसला पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर लाल काचेत दिवा लागला होता. गास्टहाउसात, म्हणजे गावच्या खाणावळीत, त्यांनी कोलारांची चौकशी केली, तेव्हा टेबलांवरचं बोलणं थांबलं. मालकानं फक्त शेवटच्या घराकडे बोट दाखवलं.

तिथं फ्राउ बिंडर राहायची. पंच्याहत्तरीची, वाकलेली, पण नजर तिखट. तिनं दोघांना चुलीपाशी बसवलं. श्यामकांतनं फळीचा विषय काढताच तिचे हात थांबले.

"ती उभी कुणी केली?"

"मी," श्यामकांत म्हणाला. "पायाखाली होती. बघवलं नाही."

"आणि ते काळं काय फासलंय?"

"औषध. कुजू नये म्हणून."

म्हातारी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं श्यामकांत मला म्हणाला.

"हेर डॉक्टर," ती म्हणाली, "आमच्याकडे मेलेल्याला फळीवर निजवतात. त्याला पुरलं की फळीवर नाव कोरायचं आणि ती वाटेत टाकायची. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिच्यावर पाय द्यायचा. जाता जाता त्याच्यासाठी दोन शब्द पुटपुटायचे. फळी झिजते, कुजते, मातीत जाते. ती गेली की तो सुटतो. तोवर नाही."

श्यामकांतनं आपल्या उजव्या तळव्याकडे बघितलं.

"हा तर मारलेला. मारलेल्याला सुटायला जास्त पाय लागतात. माझ्या आजीनं घातलेत, आईनं घातलेत, मी घातलेत. आता थोडंच उरलं होतं. आणि तुम्ही..." तिनं हात हलवला. "जूनपासून त्या वाटेनं कुणी जात नाही."

"कुणी मारलं त्याला?"

तिनं सांगितलं. मातियास कोलार पलीकडच्या खेड्यातला, विशीतला. अमेरिकेला निघाला होता, बरोबर घरचा गडी होता. ओढ्यावर मातियास पाणी प्यायला वाकला. गड्यानं मागून कुऱ्हाडीचा तुंबा घातला. एकदा नाही. तोंड पाण्यात गेलं, तरी घालत राहिला. मग त्याचा कोट काढला, कागद काढले, जहाजाचं तिकीट काढलं. तिसऱ्या दिवशी मातियासची आई सीमा ओलांडून आली. तिनं पायांवरून पोराला ओळखलं. चेहरा उरलाच नव्हता.

"आणि तो गडी?"

"तो मातियास कोलार झाला," म्हातारी म्हणाली. "अमेरिकेत."

 वॉल्टर श्यामकांतच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणाली ती? श्याम?"

तुमच्यापैकी कुणी असतं, तर सांगितलं असतं का? मला नक्की सांगता येत नाही. श्यामकांतनं सांगितलं. शब्द न् शब्द. वॉल्टर ऐकत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. वाकून पाणी न पिणारा म्हातारा त्यालाही आठवला असणार.

"काय करायचं ते विचार," तो शेवटी म्हणाला.

"फळी खाली घाला," फ्राउ बिंडर म्हणाली. "आज रात्रीच. आणि यानं तिच्यावर उभं राहून म्हणायचं, हे नाव तुझं आहे, माझं नाही. बस. त्याला एवढंच हवंय."

श्यामकांतनं तेही सांगितलं. "या," वॉल्टर हळूच म्हणाला. म्हणजे 'हो', त्याला येणाऱ्या मोजक्या जर्मन शब्दांतला एक. मग इंग्रजीत, "आणि माझ्या बापाला काय कळवू? तुम्ही कोलार नाही? तुम्ही कोणीच नाही? खुन्याची अवलाद आहात, आणि त्या खुन्याला नावसुद्धा नव्हतं?" तो उठला. "शेत आमचं. थडगी आमची. नाव आमचं. साठ-सत्तर वर्षं आम्ही ते घाम गाळून मिळवलंय."

बाहेर पडताना त्यानं लाकडाच्या ढिगावरची कुऱ्हाड उचलली. श्यामकांतला वाटलं, बुडाचे दगड हलवायला.

बारा वाजायला आले होते. चंद्र नुकताच झाडांवर आला होता, अर्ध्याहून थोडा मोठा. सीमेवरचा कुत्रा भुंकत होता, तो मधेच थांबला. श्यामकांतच्या हातात कंदील होता. ओढ्याचा आवाज आधी आला. मग औषधाचा वास. त्याच्याच औषधाचा. औषध जूनमधलं, पण वास आत्ता लावल्यासारखा.

फळी उभी होती. काळी. टणक.

"वॉल्टर, धर त्या बाजूनं."

वॉल्टरनं धरली नाही. त्यानं कुऱ्हाड उगारली.

"नको..."

पहिला घाव नावावर. कुऱ्हाड उसळली. ढलपीसुद्धा निघाली नाही. दुसरा घाव. तिसरा. वॉल्टर हुंदके देत घालत होता, शिव्या देत होता. "माझं आहे. माझं नाव आहे." लाकडातून आवाज येत होता तो लाकडासारखा नव्हता. ओला होता. मांसावर बसल्यासारखा. खाचांतून काळं काही गळत होतं. औषधच असेल. श्यामकांत अजून म्हणतो, औषधच असेल.

"वॉल्टर, थांब. कोलार..."

"हजर."

जर्मनमध्ये. झाडापासून.

कंदील विझला.

...

श्यामकांतला नीट दिसलं नाही. चंद्र होता, पण दिसलं नाही. कुऱ्हाड वॉल्टरच्या हातात होती. मग नव्हती.

धप्प.

वॉल्टर गुडघ्यांवर आला. ओढ्याकडे तोंड करून. पाणी प्यायला वाकतात तसा.

धप्प. आणि पुन्हा. घाई नव्हती त्यात. शेतावरचं काम करावं, तसं.

श्यामकांत धावला. वॉल्टरच्या गळ्यातली साखळी हाताशी आली, तिला धरून ओढलं. साखळी तुटली. तेवढ्यात एक हात त्याच्या छातीवर आला. गार. चिंब. त्या हातानं त्याला मारलं नाही. बाजूला केलं. हळूच. आदरानं. ज्यानं आपल्यासाठी काही केलंय, अशा माणसाला बाजूला करावं, तसं.

हे सांगताना श्यामकांत रडला. मार खाल्ला असता तर चाललं असतं, म्हणाला.

मग सगळं थांबलं. ओढा वाहत होता. वॉल्टरचं तोंड पाण्यात होतं. डोक्याची मागची बाजू... नको. राहू दे.

श्यामकांतनं फळी उचलली. जूनमध्ये ती उचलायला दोघं लागले होते. या वेळी एकट्यानं खांद्यावर घेतली. जड होती. माणूस निजलेला असावा, इतकी. त्यानं याआधी एकदाच असा खांदा दिला होता, स्वतःच्या वडिलांना. त्यानं ती ओढ्यावर आडवी टाकली. नाव वर.

आता पाय द्यायचा.

पाय उचलेना. किती वेळ उभा होता, त्याला सांगता येत नाही. शेवटी त्यानं बूट काढले. डोळे मिटले. आणि त्या नावावर पाय ठेवला.

काका थांबले. आतलं पाणीही कधीच बंद झालं होतं. वसुधाकाकू दारात उभ्या होत्या, हातातलं फडकं तसंच.

"पोलीस काय म्हणाले?" श्रीनाथनं विचारलं.

"ओकच्या टणक लाकडावरून कुऱ्हाड उसळली. अपघात. डोक्याच्या मागं कशी उसळली, ते कुणी विचारलं नाही. कुऱ्हाडीवर बोटांचे ठसे फक्त वॉल्टरचे."

"आणि तुमचे श्यामकांत? परत गेले?"

"नाही. प्रबंध सोडला. हिंटरमोसला लाकूड कापायची गिरणी आहे, तिथं कामाला लागला. सकाळी जाताना फळीवरून जातो, संध्याकाळी येताना फळीवरून. थंडीत, बर्फात, अनवाणी. नऊ वर्षं झाली. फ्राउ बिंडर गेली, आता तो एकटाच पाय घालतो. मी या उन्हाळ्यात भेटून आलो. म्हटलं, चल माझ्याबरोबर कोलोनला. तर म्हणाला, दत्तू, औषध मी फार चांगलं केलं होतं रे. अजून नखसुद्धा शिरत नाही."

वसुधाकाकू येऊन काकांच्या शेजारी बसल्या.

"निघताना त्यानं मला एक वस्तू दिली. माझ्याकडे नको, म्हणाला. मी तरी का घेतली, कोण जाणे." काकांनी खिशातून रुमाल काढला आणि सोडून टेबलावर ठेवला. त्यात बोटभर साखळी होती आणि पत्र्याचा एक बिल्ला. सैनिक गळ्यात घालतात, तो. "त्या रात्री त्याच्या हातात आलेला."

श्रीनाथनं तो उचलून दिव्याखाली धरला. खालच्या ओळीत रक्तगट होता. त्याशेजारी कॅथलिक असल्याचं अक्षर. त्यावर सैनिकाचा क्रमांक, ठसठशीत. पत्र्यात ठोकलेले आकडे मागच्या बाजूलाही उठले होते.

"नाव सगळ्यात वर असतं ना?" त्यानं विचारलं.

काकांनी मान डोलावली.

श्रीनाथनं वरच्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग बिल्ला उलटा करून मागूनही फिरवला. खरवडल्याची खूण नव्हती. घासल्याची नव्हती. तिथं कधी काही ठोकलंच नसावं, तसा पत्रा सपाट होता.

"काय म्हणालात त्यांचं आडनाव, को..."

"मोठ्यानं नको," काका म्हणाले.

श्रीनाथनं बिल्ला रुमालावर ठेवला. ट्रामची वेळ झाली होती, पण कुणी उठलं नाही.